तुकडीत निरनिराळ्या समाजांची मुलं असली की पूर्वग्रह खरंच कमी होतात का? प्रबंधासाठी हे मोजायचं कसं?

खडू_डस्टर:

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधाचा आराखडा पंधरवड्यात द्यायचा आहे. विषय: तुकडीत वेगवेगळ्या जातिधर्मांची आणि भाषांची मुलं असण्याचा मुलांच्या इतर समाजांविषयीच्या मतांवर काय परिणाम होतो. ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या चार शाळा, सहावी-सातवीच्या 12 तुकड्या, एकूण पट साधारण 420. गृहीतक असं की तुकडी जितकी मिश्र, तितकी मतं मोकळी.

तीन अडचणी. तुकडीची विविधता एका आकड्यात कशी मांडायची? मतांसाठी 20 विधानांची सहमत/असहमत प्रश्नावली केली आहे, ती या वयाला चालेल का? आणि दोन्हींचा सहसंबंध काढला की काम झालं, असं मला सुचवलं गेलं आहे. तेवढं पुरेल का? जमल्यास वर्गात एखादा उपक्रमही घेऊन बघायचा आहे. कोणता घ्यावा?

आकडेमोड:

आधी आकडा. प्रत्येक गटाचा वाटा घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा आणि 1 मधून वजा करा. 40 च्या तुकडीत 20 मराठी, 12 हिंदी आणि 8 गुजराती भाषक असतील तर वाटे 0.5, 0.3, 0.2. वर्गांची बेरीज 0.38, निर्देशांक 0.62. पुस्तकांत बहुतेक ठिकाणी हाच दिसतो.

गोची पुढे आहे. आता 8 मराठी, 12 हिंदी आणि 20 गुजराती अशी तुकडी घ्या. निर्देशांक तोच, 0.62. पण पहिल्या तुकडीतल्या मराठी मुलाच्या 39 वर्गमित्रांपैकी 20 परगटातले, म्हणजे 51 टक्के, आणि दुसऱ्या तुकडीतल्या मराठी मुलाचे 39 पैकी 32, म्हणजे 82 टक्के. दोघांचं शाळेतलं जग वेगळं आहे आणि निर्देशांकाला त्याचा पत्ता नाही. म्हणून तुकडीला एक आकडा देण्यापेक्षा प्रत्येक मुलासाठी त्याचा स्वतःचा 'परगटाचा वाटा' काढा. मोजताना ते मूल स्वतः वगळायचं, हे विसरू नका.

गट म्हणजे नेमकं काय, तेही आधीच ठरवा. भाषा, धर्म आणि जात या तीन वेगळ्या रेघा आहेत. कोकणी मुस्लिम मूल भाषेने एकीकडे आणि धर्माने दुसरीकडे पडतं. तिन्हींची खिचडी करून 'विविधता' असा एकच रकाना केलात, तर निकाल काय सांगतो आहे ते तुम्हालाच कळणार नाही.

420 हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही. एका तुकडीतली मुलं एकमेकांसारखी उत्तरं देतात, कारण शिक्षक एक, वातावरण एक. तुकडीच्या आतला सहसंबंध समजा 0.10 धरला आणि तुकडीत सरासरी 35 मुलं, तर फुगवटा 1 + 34 × 0.10 = 4.4. म्हणजे 420 मुलांची माहिती साधारण 95 सुट्या मुलांइतकी. त्यातही तुकडीची विविधता हे चल (मोजायची बाब) तुकडीच्या पातळीवरचं, म्हणजे त्यासाठी तुमच्याकडे 12 च बिंदू आहेत. नुसता सहसंबंध काढून 'पी' किंमत (निकाल निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे जोखणारा आकडा) छापलीत, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न इथेच येईल. किमान बहुस्तरीय प्रतिमान वापरा, म्हणजे मूल आणि तुकडी या दोन्ही पातळ्या एकत्र धरणारं गणित.

आणि खरा सापळा: मुलं तुकड्यांमध्ये चिठ्ठ्या टाकून जात नाहीत. पालक शाळा निवडतात, मग शाळा तुकड्या पाडते. आपल्याकडे 'अ' तुकडी सेमी-इंग्रजी आणि 'क' तुकडी पूर्ण मराठी माध्यमाची, हे सर्रास असतं. दोन्हींत पालकांचं शिक्षण, उत्पन्न आणि जात सगळंच बदलतं. ती तफावत तुम्ही विविधतेच्या खात्यावर जमा कराल. म्हणून तुलना एकाच शाळेत, एकाच माध्यमाच्या तुकड्यांमध्ये करा, आणि प्रत्येक मुख्याध्यापकांना लेखी विचारा: तुकड्या कशाच्या आधारे पाडल्या? सहावी-सातवी निवडलीत ते बरं केलंत. आठवीपासून संस्कृत की हिंदी यावरही तुकड्या फुटतात, तिथे गुंता आणखी वाढतो.

मोजणी दोनदा हवी. एकदा जूनअखेर, एकदा फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षेची धांदल सुरू होण्याआधी. एकदाच मोजलंत तर मोकळ्या मनाची मुलं मित्र जोडतात की मित्र जोडल्याने मन मोकळं होतं, हे कधीच सुटणार नाही.

तिसरा_बाक:

प्रश्नावलीबद्दल स्पष्टच सांगते, ती बाजूला ठेवा. ज्या मुलांनी रोज सकाळी 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' म्हटलं आहे आणि ज्यांच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला ते छापलेलं आहे, त्यांच्यापुढे 'सर्व धर्म समान आहेत' हे विधान ठेवलं तर ती काय उत्तर देणार? बरोबर उत्तर देणार. ते मत नसतं, पाठांतर असतं. त्यातून वर्गशिक्षक खोलीत उभे असतील तर 20 पैकी 20 विधानांवर 'सहमत' येईल.

त्याऐवजी कृतीच्या जवळचे प्रश्न विचारा. बोगार्डस यांची सामाजिक अंतराची मोजपट्टी 1920 च्या दशकातली आहे. तिची मुलांसाठी शिडी करता येते: एका बाकावर बसशील का, गटकार्यात घेशील का, मधल्या सुट्टीत खेळशील का, वाढदिवसाला घरी बोलावशील का, त्याच्या घरी जाशील का. उत्तरं चारच ठेवा: नक्की, बहुतेक, बहुतेक नाही, नाही. शून्य ते शंभरचा 'भावना-तापमापक' या वयात फसतो. मुलं 0, 50 आणि 100 एवढ्यावरच बोट ठेवतात.

डब्याचा प्रश्न मोहात पाडणारा आहे, पण तो जपून. 'तिच्या डब्यातलं खाशील का' याला आलेला नकार मनातल्या अंतराचा असेल, किंवा घरी फक्त शाकाहार चालतो म्हणून असेल, किंवा त्या दिवशी उपवास असेल. विचारायचाच असेल तर 'शेजारी बसून डबा खाशील का' असा विचारा. हे दोन प्रश्न एक नव्हेत.

दुसरं साधन म्हणजे समाजमिती, वर्गात कोण कोणाबरोबर असतं ते मोजणं. मुलाला तुकडीची हजेरीक्रमाची यादी द्या आणि 'मधल्या सुट्टीत तू ज्यांच्याबरोबर असतोस अशी पाच नावं' विचारा. यादी समोर असली की विसरलेली नावं कमी होतात. 'कोण आवडत नाही' हे मात्र विचारू नका. ते कागद संध्याकाळपर्यंत मुलांच्या बोलण्यात येतात आणि एखाद्या मुलाचं वर्ष खराब होतं. त्या दिवशी हजेरी 80 टक्क्यांच्या खाली असेल तर उरलेल्यांकडून दुसऱ्या दिवशी भरून घ्या, नाहीतर मैत्रीच्या जाळ्यात भोकं राहतात.

आता नावांचं गणित. समजा 40 च्या तुकडीत 28 मुलं 'क' गटाची आणि 12 'ख' गटाची. 'क' च्या मुलांनी दिलेल्या नावांपैकी 85 टक्के स्वतःच्या गटातली, 'ख' च्या मुलांनी दिलेल्यांपैकी 60 टक्के. वाटतं की 'क' फार बंदिस्त आहेत. पण डोळे मिटून नावं घेतली असती तरी 'क' ला 27/39 म्हणजे 69 टक्के स्वतःचेच मिळाले असते, आणि 'ख' ला 11/39 म्हणजे 28 टक्के. प्रत्यक्ष वाट्यातून अपेक्षित वाटा वजा करा आणि 1 वजा अपेक्षित वाट्याने भागा. 'क': (0.85 − 0.69) ÷ 0.31, म्हणजे 0.51. 'ख': (0.60 − 0.28) ÷ 0.72, म्हणजे 0.44. दोघं जवळपास सारखेच स्वतःच्यात रमतात. ही पायरी गाळली की बहुसंख्याक गट कायम दोषी दिसतो.

एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. अकरा-बारा वर्षांच्या वयात मुलगे मुलग्यांची आणि मुली मुलींचीच नावं देतात. जातधर्मापेक्षा ती भिंत कितीतरी उंच असते. म्हणून अपेक्षित वाटा मुली आणि मुलगे यांच्यासाठी स्वतंत्र काढा. 'ख' गटात चारच मुली असतील तर त्यांच्यापुढे निवडीला वावच थोडा असतो.

मुलाला त्याची जात विचारायची नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. ती माहिती जनरल रजिस्टरवरून, मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या लेखी संमतीने घ्या. नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक द्या आणि नाव-क्रमांकाची किल्ली वेगळ्या कुलपात ठेवा. मुलाचाही होकार विचारा. पालकांनी सही केली म्हणून मूल बांधील नसतं.

दुपारची_शाळा:

आपल्या मातीतला सर्वांत भक्कम पुरावा दिल्लीचा आहे, तो आराखड्यात यायलाच हवा. 2007 च्या धोरणानंतर तिथल्या अनेक नामांकित खासगी शाळांना गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी 17 शाळांमधल्या सुमारे 2,000 विद्यार्थ्यांवर अभ्यास केला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या इयत्तांना नियम लागू झाला आणि ज्या थोडक्यात सुटल्या, त्यांची तुलना केली. त्यामुळे 'चांगले पालक, चांगली शाळा' हा घोळ टळला. निष्कर्ष असा की गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं वाटून घेण्यात जास्त उदार निघाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली आणि त्यांच्याबरोबर खेळायला जास्त तयार झाली. श्रीमंत मुलांच्या अभ्यासावर एकंदरीत परिणाम किरकोळ, इंग्रजीत थोडी घट.

तुमच्या कामाचा भाग त्याच्या आतला आहे. काही शाळा अभ्यासगट मुलांच्या पहिल्या नावाच्या अक्षरक्रमाने पाडत होत्या. म्हणजे कोण कोणाच्या गटात, हे जवळजवळ योगायोगाने ठरत होतं. त्यावरून दिसलं की परिणाम मुख्यतः प्रत्यक्ष सहवासाचा आहे. वर्गात गरीब मुलं आहेत एवढ्याने फार काही होत नाही, एका गटात काम केल्याने होतं. भेदभाव मोजायची पद्धतही बघण्यासारखी आहे: रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला लावला. बक्षीस हातचं जाऊ देऊनही कोण हळू धावणारा पण 'आपल्यातला' गडी निवडतो, हे तिथे उघडं पडतं. प्रतिज्ञेचं पाठांतर त्या वेळी कामाला येत नाही.

दोन सावधगिरी. तो अभ्यास गरीब-श्रीमंताचा आहे. तो थेट जात किंवा धर्मावर लावू नका. आणि अक्षरक्रमाची युक्ती इथे उचलताना बघून घ्या, क्रम आडनावाचा आहे की नावाचा. आडनावाने लावला तर एकाच आडनावाची मुलं शेजारी येतात आणि आडनाव जातीची खूण असल्याने योगायोग उरत नाही. हजेरीपटावर आधी मुलगे मग मुली असतील तर तेही नोंदवा.

महाराष्ट्रात शिक्षणहक्क कायद्याच्या 25 टक्के प्रवेशांवर काही करायचं मनात असेल तर तीन गोष्टी. एक, पहिलीत आलेली मुलं आठवीपर्यंतच या तरतुदीखाली असतात, नववीला गळती लागते. दोन, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 आणि 2014 च्या निकालांमुळे यातून बाहेर आहेत. चार शाळांपैकी एखादी तशी असेल तर ती तुलनेत बसणार नाही. तीन, फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना सूट दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये रद्द केली. त्या वर्षीचे बरेच प्रवेश शाळा सुरू झाल्यावर झाले, म्हणजे मैत्रीचे घोळके आधीच जमलेले होते. ती तुकडी पायाभूत वर्ष म्हणून धरू नका.

आणि शाळेच्या सवयी टिपा. या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळेला बसवायला नियमांत मनाई आहे, पण 'पंचवीस टक्क्यांवाले उभे राहा' म्हणायला कोण अडवतं? सहलीची वर्गणी भर वर्गात मागणं, पुस्तकांची वेगळी यादी वाचून दाखवणं. असल्या गोष्टींसाठी एक साधा निरीक्षणतक्ता करा: आठवड्याला किती वेळा, कोणत्या तासाला. सहवासाने जे जमतं ते इथे सांडतं.

कृतिपत्रिका:

उपक्रम हवा असेल तर जिगसॉ. एलियट अ‍ॅरॉन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला, गोऱ्या, काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र केल्यावर ही पद्धत बसवली. कल्पना अशी की धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडेच असतो. त्याचं ऐकल्याशिवाय बाकीच्यांचं अडतं.

40 च्या तुकडीत पाच-पाच जणांचे आठ गट. धडा पाच सुट्या भागांत फोडता येईल असा घ्या. पाण्याचा विषय घेतला तर विहीर, धरण, ठिबक, पाणलोट, सांडपाणी. पहिल्या 35 मिनिटांच्या तासाला 5 मिनिटं सूचना, 10 मिनिटं प्रत्येकाचं स्वतःचं वाचन, मग सगळ्या गटांतले 'विहीर'वाले एकत्र, 'धरण'वाले एकत्र अशा तज्ज्ञगटांत 15 मिनिटं. बाकीचा वेळ बाकं सरकवण्यात जातो, तो धरूनच चाला. दुसऱ्या तासाला मुलं मूळ गटात परततात, प्रत्येक जण 4 मिनिटं शिकवतो, म्हणजे 20, आणि शेवटी 10 मिनिटांची चाचणी. गट सहा ते आठ आठवडे बदलायचे नाहीत, आठवड्यातून दोनदा घ्यायचं.

कुठे बिघडतं ते सांगतो. गुण गटाला मिळून दिले की पहिल्याच आठवड्यात 'याच्यामुळे आपले गेले' सुरू होतं, आणि 'हा' बहुधा भाषेत मागे असलेला परगटातला असतो. पूर्वग्रह घटायच्या ऐवजी त्याला पुरावा मिळतो. म्हणून गुण ज्याचे त्याला. गटात परगटातलं एकटंच मूल टाकू नका, शक्य तिथे दोन. हिंदी घरातल्या मुलाला मराठी उतारा जड जात असेल तर तोच उतारा सोप्या मराठीत किंवा हिंदीत द्या, आणि तज्ज्ञगटात त्याचं बोलणं आधी एकदा घोटून घ्या. तज्ज्ञगट गाळून वेळ वाचवणारे शिक्षक असतात. तसं केलं की कच्चं मूल मूळ गटात उघडं पडतं. गैरहजेरी मोठी असेल तर गट सहाचे करा आणि सर्वांत लांब भाग दोघांना द्या, नाहीतर 'ठिबक' आलंच नाही म्हणून सगळा गट खोळंबतो.

संशयात्मा:

कृतिपत्रिका यांनी पद्धत नीट सांगितली, पण तिच्यावर प्रबंध तोलू नका. नॉर्वेत ख्रिस्तोफर ब्रॅट यांनी शाळांमध्ये जिगसॉ तपासली (2008), गटांमधल्या संबंधांवर परिणाम दिसला नाही.

सहवासाने पूर्वग्रह कमी होतात हे मूळ गृहीतक गॉर्डन ऑलपोर्ट यांचं, 1954 चं. त्यांच्या अटी: समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि वरून पाठिंबा. पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी 2006 मध्ये 515 अभ्यास एकत्र केले, सरासरी सहसंबंध उणे 0.21 आला, म्हणजे सहवास जास्त तिथे पूर्वग्रह कमी. दिशा पक्की, ताकद मध्यम. पण त्यातले बरेच अभ्यास तुमच्यासारखे, एकदाच मोजलेले. पॅलक आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये चिठ्ठीने वाटणी केलेले आणि परिणाम नंतर मोजलेले तेवढेच निवडले, तर हाती 27 उरले, आणि वंश-जमातीच्या पूर्वग्रहांवरचा परिणाम इतर पूर्वग्रहांच्या मानाने कमकुवत निघाला.

जेम्स मूडी यांचं 2001 चं काम तर तुमच्या गृहीतकाच्या थेट आड येतं. अमेरिकी शाळांमध्ये मैत्रीतली फाळणी मध्यम मिश्र शाळांत सर्वांत जास्त होती, एकदम एकजिनसी किंवा खूप मिश्र शाळांत कमी. दोन तुल्यबळ गट असले की प्रत्येकाला स्वतःपुरता घोळका जमवता येतो. म्हणजे सरळ रेषा धरलीत तर परिणाम शून्यही येऊ शकतो. परगटाच्या वाट्याचा वर्गही (वाटा गुणिले वाटा) समीकरणात घाला. 12 तुकड्यांत तो फारसा टिकणार नाही, पण निदान आलेख काढून डोळ्यांनी बघा.

आणखी एक तपासा: 'माझा शेजारी चांगला' यावरून 'ते लोक चांगले' इथपर्यंत मूल पोचतं का? बरेचदा 'तो त्यांच्यातला वाटतच नाही' असं म्हणून अपवाद करून टाकतं. सलमा मूसा यांनी इराकमध्ये विस्थापित ख्रिश्चन खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले (2020). मैदानावरचं वागणं सुधारलं, संघाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत ते फारसं पोचलं नाही. तेव्हा वर्गातल्या मुलांबद्दल एक आणि वर्गाबाहेरच्या त्या समाजाबद्दल एक, असे दोन वेगळे आकडे ठेवा. क्रीडास्पर्धा भरवायचा विचार असेल तर मॅट लो यांचं उत्तर प्रदेशातलं क्रिकेट वाचा: वेगवेगळ्या जातींचे तरुण एका संघात खेळले की जातीबाहेर मैत्री वाढली, समोरासमोरच्या संघांत खेळून ते साधलं नाही.

खडू_डस्टर:

सर्वांचे आभार. प्रश्नावली रद्द, शिडी आणि पाच नावं घेते. पण 12 तुकड्यांत उपक्रम असलेल्या आणि नसलेल्या अशी वाटणी केली तर सहा-सहाच राहतात. मग उपक्रम सोडूनच द्यावा का?

आकडेमोड:

सोडू नका, तुकडीखाली उतरा. जिगसॉऐवजी बाक घ्या. हंगेरीत ग्रामीण भागातल्या 40 शाळांत तिसरी ते आठवीच्या 2,966 मुलांच्या जागा चिठ्ठीने ठरवल्या होत्या (रोहरर, केलर आणि एल्वर्ट, 2021). सत्रभर शेजारी बसलेल्यांमध्ये परस्पर मैत्रीची शक्यता 15 वरून 22 टक्क्यांवर गेली. सारख्या मुलांत वाढ जास्त, पण वेगळ्या मुलांतही झाली.

तुमच्याकडे दोघांचा बाक धरला तर 210 बाक. सगळ्या तुकड्या साधारण 70-30 असतील तर चिठ्ठीने सुमारे 90 बाक आपोआप मिश्र होतील. तुलना एकाच तुकडीतल्या मिश्र आणि एकगटी बाकांची. त्यामुळे शाळा, शिक्षक, सेमी की मराठी, सगळं दोन्हीकडे सारखं.

चष्म्याची, कमी ऐकू येणारी आणि पुढेच बसायला हवी अशी मुलं चिठ्ठीच्या आधी बाजूला काढा, नंतर नाही. मुलगे-मुली वेगळे बसत असतील तर चिठ्ठ्याही वेगळ्या. चिठ्ठी तुम्ही काढा, वर्गशिक्षकांना काढू देऊ नका. बडबड्यांना वेगळं करायचा मोह कोणालाच आवरत नाही. जागा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हलवायच्या नाहीत. दर महिन्याला रांगा फिरवायची पद्धत असेल तर बाकावरची जोडी तशीच ठेवून अख्खा बाक फिरवा. कोणी जागा बदललीच तर तारीख टिपा आणि विश्लेषणात त्या मुलाला चिठ्ठीतल्या बाकावरच मोजा, बसला होता तिथे नाही.

शिडी जूनअखेर, चिठ्ठीच्या आधी. पाच नावं तेव्हाही आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यातही. फेब्रुवारीत पुन्हा एकदा घेतलीत तर बाक सुटल्यावर किती उरतं तेही दिसेल.